कॅरोटीनचे मोजमाप : मद्रासच्या नेत्र रुग्णालयापासून चेन्नईच्या ताटापर्यंत

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराच्या सुधारित मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. एकूण १७ सूचनांच्या या दस्तऐवजातील प्रथिनांच्या पावडरीविषयीच्या इशाऱ्याची वृत्तपत्रांत बरीच चर्चा झाली. त्यातील एक आकडा मात्र फारशा चर्चेविना राहिला. २००० किलोकॅलरींच्या आदर्श ताटात दररोज ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे असावीत, असे या सूचना सांगतात.

‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द आज फळांच्या रसाच्या बाटलीवर, ग्रीन टीच्या खोक्यावर आणि औषधांच्या दुकानातील कॅप्सूलच्या वेष्टनावर सर्रास दिसतो. हे पदार्थ शरीराला हवेत, हे सर्वांनी ऐकलेले असते. किती हवेत, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. पोषणशास्त्राने आज या प्रश्नाचे उत्तर भाजी आणि फळांच्या ग्रॅममध्ये दिले आहे, गोळीतील मिलिग्रॅममध्ये दिलेले नाही. या उत्तरापर्यंत पोचायला विज्ञानाला जवळजवळ शंभर वर्षे लागली. त्या वाटचालीतील अनेक महत्त्वाचे टप्पे मद्रास शहरात, जुन्या मद्रास इलाख्यात आणि आजच्या तमिळनाडूत घडले. गाजराला, पिकलेल्या आंब्याला आणि भोपळ्याला रंग देणाऱ्या कॅरोटीन या एकाच रंगद्रव्याच्या मागोव्याने हा इतिहास सलग वाचता येतो.

एग्मोरची मुले

मद्रासमध्ये १८१९ साली स्थापन झालेले सरकारी नेत्र रुग्णालय हे जगातील सर्वांत जुन्या नेत्र रुग्णालयांपैकी एक. आजही ते चेन्नईच्या एग्मोर भागात कार्यरत आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या रुग्णालयात एका विशिष्ट व्याधीने ग्रासलेली गरीब घरांतील लहान मुले येत. आधी संध्याकाळनंतर दिसेनासे होई. मग डोळ्यांतील ओलावा आटे. शेवटी बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मऊ पडून फुटे. केराटोमलेशिया या नावाने ओळखली जाणारी ही व्याधी काही दिवसांत मुलाला कायमचे आंधळे करी. रुग्णालयातील नेत्रतज्ज्ञ आर. ई. राइट यांनी दक्षिण भारतातील या व्याधीवर १९२२ मध्ये ब्रिटिश नेत्रविज्ञान नियतकालिकात सविस्तर लेख लिहिला.

व्याधीचे मूळ आहारात होते. भात आणि त्याच्या जोडीला जवळजवळ काहीच नाही, अशा जेवणावर वाढणाऱ्या मुलाच्या शरीरात अ जीवनसत्त्वाचा साठा उरत नसे. त्यात हगवण किंवा गोवर झाला की डोळे जात. कॉड माशाच्या यकृताचे तेल हे त्यावरचे ज्ञात औषध. परंतु ते परदेशातून येई आणि महाग असे.

या वेळेपर्यंत कॅरोटीनचा इतिहास स्वतंत्रपणे चालला होता. जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाकेनरोडर यांनी १८३१ मध्ये गाजरातून ते वेगळे केले होते आणि त्यानंतर दीर्घ काळ ते केवळ एक रंगद्रव्य म्हणून ओळखले गेले. १९३० मध्ये केंब्रिजच्या थॉमस मूर यांनी दाखवून दिले, की उंदरांना कॅरोटीन खाऊ घातले की त्यांच्या यकृतात अ जीवनसत्त्व साठते. वनस्पतीतील रंगद्रव्याचे प्राण्याच्या शरीरात जीवनसत्त्व बनते, याचा तो पुरावा होता. त्यामुळे माशाच्या तेलाला स्वस्त वनस्पतिजन्य पर्याय मिळण्याची शक्यता निर्माण झाली.

हा पर्याय मद्रासमध्ये तपासला गेला. न शुद्ध केलेले पामतेल कॅरोटीनमुळे गडद तांबडे असते. राइट आणि पोषणतज्ज्ञ डब्ल्यू. आर. अ‍ॅक्रॉइड यांनी केराटोमलेशियाच्या रुग्णांना हे तांबडे पामतेल देऊन पाहिले. त्याच्या उपयुक्ततेविषयीचा त्यांचा लेख १९३७ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये प्रसिद्ध झाला.

या प्रसंगातील दोन बाबी पुढील इतिहासासाठी ध्यानात ठेवण्याजोग्या आहेत. पहिली अशी, की ज्या मुलांना कॅरोटीन दिले गेले त्यांच्या शरीरात अ जीवनसत्त्वाची उघड उणीव होती. उणीव भरून निघताच डोळा सावरे. दुसरी अशी, की शरीर कॅरोटीनचे जीवनसत्त्व गरजेपुरतेच बनवते. गाजरे किंवा पपई फार खाल्ल्यास उरलेले कॅरोटीन त्वचेखाली साचून तळहात पिवळसर दिसतात, एवढेच. तयार अ जीवनसत्त्व मात्र प्रमाणाबाहेर घेतले तर यकृताला इजा करते. अन्नातून येणाऱ्या पदार्थाला शरीराचा स्वतःचा लगाम असतो आणि थेट दिलेल्या पदार्थाला तो असेलच असे नाही, हे तत्त्व येथेच सूचित झाले होते.

कुन्नूरची प्रयोगशाळा

अ‍ॅक्रॉइड हे निलगिरीतील कुन्नूर येथील पोषण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक होते. या प्रयोगशाळेचा आरंभ रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी १९१८ मध्ये कुन्नूरच्या पाश्चर संस्थेत बेरीबेरीच्या अभ्यासापासून केला. पुढे मॅककॅरिसन यांनी भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतील लोकांचे आहार उंदरांच्या गटांना खाऊ घातले. गव्हाच्या पोळ्या, दूध, डाळी आणि ताज्या भाज्यांचा पंजाबी आहार मिळालेले उंदीर सर्वांत सुदृढ निघाले. सडीक तांदळावर भर असलेल्या मद्रासच्या गरिबांच्या आहारावरील उंदीर खुरटले आणि आजारी पडले.

अ‍ॅक्रॉइड यांनी १९३५ मध्ये सूत्रे हाती घेतल्यानंतर प्रयोगशाळेने भारतीय अन्नपदार्थांचे पद्धतशीर विश्लेषण केले. त्यातून १९३७ मध्ये भारतीय अन्नाच्या पोषणमूल्यांची पुस्तिका निघाली. ‘हेल्थ बुलेटिन क्रमांक २३’ या रुक्ष नावाची ही पुस्तिका पुढे अनेक दशके देशभरातील डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि विद्यार्थी वापरत राहिले. शेवग्याचा पाला, राजगिरा, कोथिंबीर, आवळा अशा स्वस्त देशी पदार्थांत कॅरोटीन आणि क जीवनसत्त्व किती, याचे आकडे यामुळे सहज हाताशी आले. आवळ्याचा उपयोग तर १९३९–४० च्या हिसारमधील दुष्काळात स्कर्व्ही बरी करण्यासाठी झाला.

याच प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात कमला भागवत या मराठी शास्त्रज्ञ काम करत होत्या. पुढे कमला सोहोनी या नावाने त्या ओळखल्या गेल्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्त्री म्हणून आधी नाकारला गेलेला प्रवेश त्यांनी आग्रहाने मिळवला होता. नंतर केंब्रिजमध्ये वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ हे प्रथिन असते असे दाखवून त्यांनी १९३९ मध्ये डॉक्टरेट संपादन केली. कुन्नूरमध्ये त्यांनी जीवनसत्त्वांवर संशोधन केले. पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत नीरा या पेयाच्या पोषणमूल्यांचा अभ्यास करून कुपोषित मुलांसाठी ते उपयोगी असल्याचे दाखवले. त्यांच्या संशोधनातील सायटोक्रोम हा विषय या इतिहासाशी निकटचा आहे. पेशीत श्वसनाच्या वेळी इलेक्ट्रॉन ज्या साखळीतून ऑक्सिजनपर्यंत पोचतात, तिचा सायटोक्रोम हा एक दुवा. याच साखळीतून काही इलेक्ट्रॉन वाटेत निसटतात, आणि पुढच्या काळातील सारा वाद या निसटलेल्या इलेक्ट्रॉनांभोवती फिरला.

कुन्नूरची प्रयोगशाळा १९५८ मध्ये व्ही. एन. पटवर्धन यांच्या संचालकपदाच्या काळात हैदराबादला हलली आणि १९६९ मध्ये तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले. आरंभी उल्लेखिलेल्या २०२४ च्या सूचना या संस्थेनेच दिल्या आहेत.

कॅरोटीनला नवी भूमिका

१९५० च्या दशकापर्यंत कॅरोटीनकडे अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल म्हणूनच पाहिले जाई. १९५४ मध्ये रिबेका गर्शमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडले, की अतिरिक्त ऑक्सिजनमुळे होणारी इजा आणि क्ष-किरणांमुळे होणारी इजा या दोहोंमागे एकच कारण आहे : मुक्त मूलके, म्हणजेच फ्री रॅडिकल. जोडीदार नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारे हे रेणू शेजारच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन हिसकावतात आणि मेद, प्रथिने व डीएनए यांना इजा करतात. १९५६ मध्ये डेनहॅम हार्मन यांनी वार्धक्य म्हणजे अशा इजांची बेरीज, असा सिद्धांत मांडला. १९६९ मध्ये जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी या मूलकांना निष्प्रभ करणारे ‘सुपरऑक्साइड डिसम्युटेज’ हे विकर शोधले. शरीराकडे स्वतःचे संरक्षक दल आहे, हे त्यामुळे सिद्ध झाले.

या दलाला बाहेरून कुमक पाठवली तर रोग आणि वार्धक्य लांबवता येईल, ही कल्पना स्वाभाविक होती. दोन नोबेल पारितोषिकांचे मानकरी लायनस पॉलिंग यांनी १९७० मध्ये क जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रांचा जोरदार पुरस्कार केला आणि ती कल्पना घरोघरी पोचली. फळे-भाज्या अधिक खाणाऱ्यांत आणि रक्तात कॅरोटीन अधिक असणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी आढळतो, असे निरीक्षणही पुढे आले. रिचर्ड पेटो, रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रश्न विचारला, की आहारातील बीटा-कॅरोटीनमुळे कर्करोगाचे प्रमाण खरोखर कमी करता येईल काय? उत्तर गृहीत न धरता चाचण्या घ्याव्यात, अशी त्यांची भूमिका होती.

चाचण्यांची तयारी होत असतानाच प्रयोगशाळेतून एक इशारा आला. बर्टन आणि इनगोल्ड यांनी १९८४ मध्ये दाखवले, की बीटा-कॅरोटीन हे वेगळ्याच धाटणीचे अँटिऑक्सिडंट आहे. ऑक्सिजनचा दाब कमी असतो तेव्हा ते मूलकांना आवरते. तो दाब आणि कॅरोटीनचे प्रमाण दोन्ही वाढले, तर ते उलट ऑक्सिडीकरणाला हातभार लावते. मानवी शरीरात ऑक्सिजनचा दाब सर्वाधिक असतो तो फुप्फुसांत.

तिरुचिरापल्ली आणि फिनलंड

पुढच्या दहा वर्षांत जगाच्या दोन टोकांना दोन चाचण्या पूर्ण झाल्या. त्यांचे निकाल शेजारी ठेवून पाहिले, तर मात्रेचा प्रश्न स्पष्ट होतो.

पहिली चाचणी तमिळनाडूतील तिरुचिरापल्ली जिल्ह्यात मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या संशोधकांनी घेतली. या रुग्णालयाचे संस्थापक डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी वैद्यकीय आणि नेत्रशास्त्राचे शिक्षण मद्रासमध्ये घेतले होते. अ जीवनसत्त्वाअभावी आंधळ्या होणाऱ्या मुलांचा प्रश्न त्यांच्या कार्याचा भाग होता. भारत सरकारच्या १९७० पासूनच्या कार्यक्रमात मुलांना दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाची २ लाख आंतरराष्ट्रीय एककांची मोठी मात्रा दिली जाई. तिरुचिरापल्लीच्या चाचणीने वेगळी वाट धरली. १५,४१९ मुलांपैकी एका गटाला वर्षभर दर आठवड्याला ८,३३३ एकके देण्यात आली. सहा महिन्यांची बेरीज साधारण तेवढीच भरते. पण आठवड्याची ही मात्रा चांगल्या आहारातून मिळू शकेल एवढीच होती. १९९० मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लहान, नियमित मात्रा मिळालेल्या गटातील मृत्यूंचे प्रमाण ५४ टक्क्यांनी कमी होते. अ जीवनसत्त्वाचे मुख्य कार्य अँटिऑक्सिडंटचे नव्हे, ते दृष्टी आणि रोगप्रतिकार यांच्याशी निगडित आहे. तरीही उणीव असलेल्या शरीराला थोडेसे काय देऊ शकते, याचे याहून ठळक उदाहरण विरळाच.

दुसरी चाचणी फिनलंडची. तेथील २९,१३३ पुरुष धूम्रपींना पाच ते आठ वर्षे दररोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, ५० मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व, दोन्ही किंवा निर्गुण गोळी देण्यात आली. कर्करोग कमी होईल, अशी सर्वांची अपेक्षा होती. १९९४ मध्ये लागलेला निकाल धक्कादायक होता : बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी आणि एकूण मृत्यूंचे प्रमाण ८ टक्क्यांनी अधिक निघाले. हा योगायोग असावा, अशी शंका काहींनी घेतली. परंतु अमेरिकेत धूम्रपी आणि अ‍ॅस्बेस्टॉसच्या संपर्कात आलेले कामगार मिळून १८,३१४ जणांवर अशीच चाचणी चालू होती. ३० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन आणि २५,००० एकके अ जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात फुप्फुसाचा कर्करोग २८ टक्क्यांनी आणि मृत्यू १७ टक्क्यांनी अधिक आढळल्यामुळे ती जानेवारी १९९६ मध्ये २१ महिने आधीच थांबवावी लागली.

येथे एक साधे गणित पाहण्याजोगे आहे. १०० ग्रॅम गाजरात सुमारे ८ मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन असते. म्हणजे फिनलंडची २० मिलिग्रॅमची मात्रा कागदावर पाव किलो गाजरांएवढी भरते. पण गाजरातील कॅरोटीन पेशीभित्तिकांत अडकलेले असते. त्याचा थोडाच अंश आतड्यातून शोषला जातो. गोळीतील शुद्ध कॅरोटीन सहज शोषले जाते. फिनलंडच्या चाचणीत गोळी घेणाऱ्यांच्या रक्तातील कॅरोटीन मूळ पातळीच्या दहा पटींहून अधिक वाढले होते. धुराने पोळलेल्या, ऑक्सिजनने भरलेल्या फुप्फुसांत एवढे कॅरोटीन पोचले, की त्याचे स्वतःचेच विघटन होऊन हानिकारक घटक तयार होतात, असे आज मानले जाते. बर्टन आणि इनगोल्ड यांचा इशारा त्या दिशेनेच होता.

मदुराईच्या खेड्यांतील पाच वर्षे

फिनलंड आणि अमेरिकेतील निकालांवर एक आक्षेप शिल्लक होता. तेथील लोक मुळात पोटभर आणि चौरस खाणारे. त्यांना गोळीचा लाभ न होणे समजण्यासारखे आहे. ज्यांच्या आहारातच अँटिऑक्सिडंटांची उणीव आहे, त्या गरीब देशांतील लोकांना तरी गोळी उपयोगी पडेल काय?

हा प्रश्न मोतीबिंदूच्या निमित्ताने पुन्हा तमिळनाडूत आला. डोळ्यातील भिंगाच्या प्रथिनांचे ऑक्सिडीकरण होऊन भिंग गढुळते, हे ज्ञात होते. भारतात मोतीबिंदू कमी वयात आणि मोठ्या प्रमाणावर होतो. शस्त्रक्रियेवाचून राहिलेल्या मोतीबिंदूमुळे येणारे अंधत्व हा सार्वजनिक आरोग्याचा गंभीर प्रश्न होता. स्वस्त गोळ्यांनी तो काही वर्षे पुढे ढकलता आला असता, तर लाखो माणसांची दृष्टी काम करण्याच्या वयात टिकली असती.

अरविंद रुग्णालय आणि अमेरिकेतील संशोधक यांनी मदुराई परिसरातील पाच खेड्यांत ३५ ते ५० वर्षे वयाच्या ७९८ जणांवर पाच वर्षांची चाचणी घेतली. एका गटाला आठवड्यातून तीनदा बीटा-कॅरोटीन, क आणि ई जीवनसत्त्वे, तर दुसऱ्याला निर्गुण गोळी दिली गेली. कोणाला काय मिळते हे रुग्णांना माहीत नव्हते, तपासणाऱ्यांनाही नव्हते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार दोन्ही गटांतील मोतीबिंदूच्या वाढीत फरक आढळला नाही. आहारात उणीव असूनही गोळीने मोतीबिंदू रोखला नाही. केराटोमलेशियात एका विशिष्ट पदार्थाची उणीव हेच रोगाचे कारण होते. मोतीबिंदूमागे सूर्यप्रकाश, धूम्रपान, मधुमेह, वय अशी अनेक कारणे गुंतलेली आहेत.

एव्हाना इतर चाचण्यांचेही निकाल येत गेले. मूळचे केरळचे हृदयरोगतज्ज्ञ सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली ९,५४१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत रोज ४०० एकके ई जीवनसत्त्व घेऊनही हृदयविकार टळला नव्हता, हे २००० मध्येच दिसले होते. २००७ मध्ये ६८ चाचण्या आणि २,३२,६०६ व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यातील अधिक विश्वसनीय चाचण्यांत बीटा-कॅरोटीन, अ आणि ई जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण किंचित वाढलेले आढळले. अमेरिकेतील ३५,५३३ पुरुषांवरील चाचणीत रोज ४०० एकके ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक असल्याचे २०११ मध्ये स्पष्ट झाले.

असे का व्हावे, याचा एक धागा २००९ मधील जर्मन संशोधनात सापडतो. तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावून त्यांतील निम्म्यांना रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० एकके ई जीवनसत्त्व देण्यात आले. व्यायामामुळे इन्सुलिनला शरीराचा प्रतिसाद सुधारतो. गोळ्या घेणाऱ्यांत ही सुधारणा झालीच नाही. व्यायामाच्या वेळी निर्माण होणारी मूलके स्नायूंना ‘संरक्षण वाढवा’ असा निरोप देतात आणि गोळ्यांनी तो निरोपच पुसून टाकला, असा त्याचा अर्थ लावला गेला. मूलके म्हणजे निव्वळ शत्रू, ही १९५० च्या दशकातील समजूत आता अपुरी ठरली. शरीर त्यांचा उपयोगही करते. म्हणून त्यांचा नायनाट नव्हे, तर त्यांचा समतोल हे आरोग्याचे लक्षण मानले जाऊ लागले.

चेन्नईचे ताट

गोळीचा दावा असा ओसरत असताना भाज्या-फळांचे महत्त्व मात्र कमी झाले नाही. याचा भारतीय पुरावा चेन्नईतूनच आला. डॉ. व्ही. मोहन यांच्या नेतृत्वाखालील मद्रास मधुमेह संशोधन प्रतिष्ठानाने या शतकाच्या आरंभी चेन्नई महापालिकेच्या हद्दीत २६,००१ प्रौढांचे सर्वेक्षण केले. त्यातील ९८३ जणांच्या आहाराचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. चेन्नईकर दिवसाला सरासरी २६५ ग्रॅम भाज्या-फळे खात होते. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेले किमान प्रमाण ४०० ग्रॅम आहे. भाज्या-फळे सर्वाधिक खाणाऱ्यांचा रक्तदाब, कंबरेचा घेर आणि घातक कोलेस्टेरॉल इतरांपेक्षा कमी आढळले. एका वेळच्या सर्वेक्षणावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. परंतु दिशा स्पष्ट होती.

याच सर्वेक्षणातील दुसऱ्या अभ्यासात दिसले, की चेन्नईतील आहाराच्या एकूण उष्मांकांपैकी सुमारे ४७ टक्के उष्मांक पॉलिश केलेल्या धान्यातून, मुख्यतः पांढऱ्या तांदळातून येतात. तांदळाचा कोंडा काढला, की त्याबरोबर ई जीवनसत्त्व आणि इतर संरक्षक घटकही जातात. मॅककॅरिसन यांनी उंदरांवर पाहिलेली सडीक तांदळाच्या आहाराची उणीव, आठ दशकांनंतर, मधुमेहाच्या संदर्भात पुन्हा समोर आली होती.

अधिक म्हणजे किती, याचाही अंदाज पुढे मिळाला. भारतासह १८ देशांतील १,३५,३३५ व्यक्तींच्या पाहणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. भाज्या, फळे आणि कडधान्ये यांचे दिवसाला ३७५ ते ५०० ग्रॅम सेवन असणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी होते. त्याहून जास्त खाऊन फारसा अधिक लाभ दिसला नाही. २०२४ च्या सूचनांतील ५०० ग्रॅमचा आकडा या निष्कर्षाशी जुळणारा आहे.

मात्रेचा हिशेब

या सर्व इतिहासातून सामान्य माणसासाठी काय उरते?

प्रत्येक पोषकाची दैनंदिन गरज ठरलेली आहे आणि ती बहुधा लहान असते. भारतीय शिफारशींनुसार (२०२०) क जीवनसत्त्व पुरुषाला दिवसाला ८० आणि स्त्रीला ६५ मिलिग्रॅम लागते. एक मध्यम पेरू किंवा एक आवळा ही गरज भागवतो. या शिफारशींत वरची सुरक्षित मर्यादाही दिली आहे : क जीवनसत्त्वासाठी २००० मिलिग्रॅम. तिच्या जवळपासच्या मात्रांनी जुलाब होऊ शकतात आणि प्रवृत्ती असलेल्यांत मूतखड्याचा धोका वाढतो. अमेरिकेच्या वैद्यक संस्थेने २००० साली ई जीवनसत्त्वाची मर्यादा १००० मिलिग्रॅम आणि सेलेनियमची ४०० मायक्रोग्रॅम ठरवली. बीटा-कॅरोटीनच्या बाबतीत मर्यादेचा आकडा न देता निरोगी लोकांनी त्याच्या गोळ्या घेऊच नयेत, असे सांगितले. धूम्रपान करणाऱ्यांसाठी हा इशारा सर्वांत महत्त्वाचा. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेणे धोक्याचे ठरते, कारण त्यामुळे रक्तस्राव वाढू शकतो.

खाद्यपदार्थांच्या ‘अँटिऑक्सिडंट क्षमते’च्या आकड्यांनीही भुलून जाऊ नये. हे आकडे परीक्षानळीत मोजलेले असतात. शरीरात तेवढाच परिणाम होतो असा पुरावा नाही. या कारणाने अमेरिकेच्या कृषी खात्याने असा आपला गाजलेला तक्ता २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकला.

गोळीला मुळीच स्थान नाही, असा याचा अर्थ नव्हे. अ जीवनसत्त्वाच्या अभावाने आजारी पडलेल्या मुलाला मात्रा द्यावीच लागते. वयोपरत्वे होणाऱ्या नेत्रपटलाच्या एका विकारात अँटिऑक्सिडंटांचे विशिष्ट मिश्रण विकाराची वाढ मंदावते, हे २००१ मध्ये सिद्ध झाले. नंतर २०१३ मध्ये त्यातील बीटा-कॅरोटीन काढून ल्युटीन घालणे अधिक सुरक्षित असल्याचे दिसले. या दोन्ही ठिकाणी रोग निश्चित आहे, मात्रा ठरलेली आहे आणि ती देणारा डॉक्टर आहे.

तमिळनाडूतील सेलम येथे जन्मलेले आणि मद्रास वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. सी. गोपालन यांनी कुन्नूर आणि हैदराबाद या दोन्ही ठिकाणी काम केले. मुलांना अ जीवनसत्त्वाची मोठी मात्रा देण्याचा १९७० चा कार्यक्रम राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कार्यातूनच उभा राहिला होता आणि तेव्हा तिचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. उत्तरायुष्यात मात्र त्यांनी हा उपाय अनिश्चित काळ चालू ठेवण्याला सातत्याने विरोध केला. मूल भाजीपाला, दूध आणि फळे खाईल अशी परिस्थिती निर्माण करणे हेच खरे उत्तर, असा त्यांचा आग्रह होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये वयाच्या १०१ व्या वर्षी त्यांचे चेन्नईत निधन झाले.

एग्मोरच्या रुग्णालयात येणाऱ्या त्या मुलांना मिळालेले तांबडे तेल आणि फिनलंडच्या धूम्रपींनी घेतलेली गोळी यांतील मुख्य रेणू एकाच कुळातला होता. एका ठिकाणी त्याची उणीव होती, दुसऱ्या ठिकाणी ती नव्हती. चेन्नईच्या घरात सांबारात पडणारा शेवगा, पोरियलमधील पालेभाजी, रसममधील टोमॅटो आणि कढीपत्ता यांतून अँटिऑक्सिडंट जेवढे मिळतात, तेवढ्यांची सवय शरीराला पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. महाराष्ट्रातील ताटात हेच काम माठ, चाकवत, अंबाडी, शेवग्याचा पाला, गाजर आणि आवळा करू शकतात. चेन्नईच्या सर्वेक्षणातील २६५ ग्रॅमपासून सूचनांतील ५०० ग्रॅमपर्यंतचे अंतर भरून काढायला आणखी साधारण दोन वाट्या भाजी आणि एक फळ पुरेसे आहे.